घरचा सराउंड रिसिव्हर : धडधडाट भरपूर, पण बोलणं कळत नाही

निवांत_श्रोता :

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीत हौसेने ७.२ चॅनेलचा रिसिव्हर (सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारं यंत्र) आणि ५.१ स्पीकरचा संच, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, घेतला. कोथरूडमधला फ्लॅट, हॉल साधारण १६ फूट बाय १० फूट. डाव्या हाताला गॅलरीचं सरकतं काचेचं दार, उजवीकडे डायनिंग उघडंच. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात रिसिव्हर, त्याच्या वरच्या कप्प्यात सेंटर स्पीकर (समोरचा मधला, मुख्यतः संवादांचा), कोपऱ्यात सबवूफर (खालचे जड सूर वाजवणारा डबा). बसवायला आलेल्या माणसाने सगळे स्पीकर एकदम वाजवून दाखवले आणि गेला. सोबतचा माइक खोक्यातच आहे.

हे सगळं खरं म्हणजे बाबांसाठी केलं. बाबा ७६ वर्षांचे. बालगंधर्वला पुढच्या रांगेचं तिकीट काढून नाटकं बघितलेला माणूस. आता जिने उतरवत नाहीत, म्हणून म्हटलं थिएटरच घरी आणू. पण दर वेळी अर्ध्या तासात म्हणतात, "अरे, बोलणं काही कळत नाही, नुसता धडधडाट आहे." आवाज वाढवला की मारामारीच्या प्रसंगाला खिडक्या हादरतात, कमी केला की संवाद गायब. परवा ते उठून आत गेले आणि मोबाईलवर बघत बसले. फार लागलं मनाला.

दुकानदार म्हणतो वॅट कमी पडताहेत, वरचं मॉडेल घ्या. घेऊ का? की विकून टाकू?

---

गुलमोहर१२ :

वयस्कर माणसांना सराउंड झेपत नाही हो. चांगला साउंडबार घ्या, एक वायर, विषय संपला.

---

डेसिबल :

थांबा, काही विकू नका. काही घेऊही नका. आधी एवढं सांगा.

एखादा चित्रपट चालू असताना रिसिव्हरच्या डिस्प्लेवर काय अक्षरं दिसतात? टीव्हीची एचडीएमआय वायर टीव्हीच्या नेमक्या कुठल्या खाचेत आहे, तिथे एआरसी किंवा ईएआरसी (टीव्हीचा आवाज त्याच वायरने रिसिव्हरकडे पाठवायची सोय) लिहिलंय का? सेंटर स्पीकर कप्प्यात किती आत आहे, पुढे काचेचा दरवाजा आहे का? आणि व्हॉल्यूमचा आकडा किती ठेवता?

वॅटचं म्हणाल तर, ५० ऐवजी १०० वॅट केले की मिळतात फक्त ३ डेसिबल, म्हणजे जेमतेम जाणवेल इतकी वाढ. त्यात खोक्यावरचा आकडा बऱ्याचदा एकच चॅनेल चालवून, ६ ओहमवर, १ किलोहर्ट्झला मोजलेला असतो. खरा आकडा बघायचा तो "दोन चॅनेल, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ" या ओळीतला. तुमच्या १६ फुटी हॉलला तेवढे वॅट पुरून उरतात. बाबांची अडचण वॅटची नाहीच.

---

मोगरा :

गुलमोहर१२, नम्रपणे असहमत. माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत आणि आमच्याकडे सेंटर नीट लागल्यापासून त्यांना मालिकासुद्धा त्याच्यावरच हवी असते. वयामुळे कान उंच पट्टीचे आवाज, विशेषतः "स", "श", "त" अशी अक्षरं, कमी पकडतात. म्हणूनच तर संवाद एका जागेवरून स्वच्छ यायला हवेत. वेगळा सेंटर स्पीकर हे सगळ्यात मोठं साधन त्यांच्याकडे आधीच आहे, ते टाकून का द्यायचं?

---

निवांत_श्रोता :

डेसिबल, बघून आलो. डिस्प्लेवर "मल्टी चॅनेल स्टीरिओ" आणि बाजूला बारीक "पीसीएम". वायर एआरसीच्या खाचेतच आहे. सेंटर कप्प्यात वीतभर आत, पुढे काळ्या काचेचा दरवाजा, बंदच असतो. व्हॉल्यूम −२२, मारामारीला रिमोट हातात धरून −३५.

---

डेसिबल :

सापडलं. जरा सविस्तर लिहितो, कारण हे असंच कित्येक घरांत चालू असेल आणि लोक रिसिव्हरला दोष देत असतील.

तुमचा टीव्ही ५.१ आवाज बाहेर सोडतच नाहीये. टीव्हीच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये "डिजिटल आउटपुट" नावाचं काहीतरी असतं, ते "पीसीएम"वर आहे, म्हणजे टीव्ही आवाज स्वतः उलगडून मग पाठवतो. साध्या एआरसीमधून पीसीएम दोनच चॅनेलचं जातं. म्हणजे चित्रपटात सहा चॅनेल असले तरी टीव्ही त्यांचा काला करून डावा आणि उजवा एवढेच पुढे पाठवतो. रिसिव्हरकडे सेंटरसाठी वेगळं असं काही पोचतच नाही.

त्यावर "मल्टी चॅनेल स्टीरिओ" लावलंय. ही पद्धत लग्नघरात किंवा गणपतीत घरभर गाणी लावायला छान. तीच दोन चॅनेल ती सगळ्या स्पीकरांतून सारखी वाजवते. बसवणाऱ्याने "बघा, पाचही वाजताहेत" हे दाखवायला ती लावली आणि तशीच राहिली. आता बाबा सोफ्यावर बसतात तेव्हा नायकाचं वाक्य समोरून येतं, तेच वाक्य डोक्यामागच्या दोन स्पीकरांतूनही येतं, आणि मागचे जवळ असल्यामुळे तिथून आधी येतं. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरचे स्पीकर ३ मीटरवर आणि मागचे दीडवर असतील तर फरक चार मिलिसेकंदांच्या वर. ऐकायला प्रतिध्वनी म्हणून जाणवत नाही, पण शब्दांच्या कडा बोथट होतात. तरुण कान त्यातून वाट काढतात. ७६ वर्षांच्या कानांनी का काढावी?

तेव्हा टीव्हीवर पीसीएम काढून "ऑटो", "बिटस्ट्रीम" किंवा "पास-थ्रू" करा, जे नाव असेल ते, म्हणजे टीव्ही आवाज न उलगडता पुढे पाठवेल. ओटीटीवर चित्रपटाच्या ध्वनीच्या यादीत ५.१ निवडा. डिस्प्लेवर "डॉल्बी डिजिटल प्लस" असं काही आलं की समजा गाडी रुळावर आली. ओटीटीवरचा ॲटमॉससुद्धा (डोक्यावरूनही आवाज आणणारी डॉल्बीची पद्धत) याच डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये गुंडाळलेला येतो आणि साध्या एआरसीतूनही जातो, त्यासाठी ईएआरसी लागत नाही. ईएआरसी लागतो तो ब्लू-रेवरच्या ट्रूएचडीसारख्या, काहीही न गाळता दाबलेल्या (लॉसलेस) आवाजाला, तेही टीव्हीमार्फत पाठवायचा असेल तर.

मराठी मालिका, बातम्या बहुतेक स्टीरिओच येतात. त्यांना "डॉल्बी सराउंड" ही पद्धत लावा. ती दोन्ही बाजूंना सारखं असलेलं, म्हणजे मुख्यतः बोलणं, ओळखून सेंटरकडे देते.

काचेचा दरवाजा आजच उघडा. सेंटर ओढून कप्प्याच्या कडेशी आणा, अगदी कडेला. सोफ्यावर बसून बघा, स्पीकरचं तोंड गुडघ्यांकडे असेल तर पुढच्या बाजूला खाली रबराचे दोन तुकडे सारून ते कानांकडे वळवा.

---

निवांत_श्रोता :

अहो काय सांगू! फक्त टीव्हीचं सेटिंग बदललं आणि सेंटर पुढे ओढला. आवाज पडद्यातून यायला लागला. इतके महिने हे ऐकलंच नव्हतं! बाबा झोपलेत, उद्या ऐकवतो.

एक मात्र खटकतंय. समोरचा डावा आणि उजवा एकत्र वाजले की गाण्यातला तबला पोकळ लागतो. एकेकटे वाजवले तर ठीक.

---

तपकीर_गल्ली :

एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या असणार. लाल टोक काळ्यात, काळं लालमध्ये. मग एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि खालचे सूर एकमेकांना खातात. तारेच्या एका बाजूला रेघ किंवा लाल कड असते, ती दोन्ही टोकांना एकाच रंगात गेली आहे का बघा. रिसिव्हरचं बटण नाही, भिंतीवरचा स्विच बंद करून मगच हात घाला.

आणि उघडलंच आहे तर टोकंही तपासा. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या रिसिव्हरांत "चालू होतो आणि लगेच लाल दिवा लुकलुकून बंद होतो" ही तक्रार फार. निम्म्या वेळा रिसिव्हर धडधाकट असतो. तारेचा केसाएवढा एक तंतू शेजारच्या टोकाला चिकटलेला असतो. रिसिव्हर स्वतःला वाचवायला बंद होतो, ते त्याचं कामच आहे. टोकं पिळून घट्ट करा किंवा बनाना प्लग (तारेच्या टोकाला बसणारी धातूची पिन) लावा. तार तांब्याची घ्या. हल्ली ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार तांब्याच्या नावाने विकतात. चाकूने खरवडलं की आत पांढरं दिसतं. १० मीटरच्या आत दीड चौरस मिलिमीटरची तार भरपूर झाली, मागच्या लांबच्या स्पीकरांना अडीचची टाका. मीटरला हजारो रुपये देऊन काहीही जास्त मिळत नाही.

---

मोगरा :

आता तो खोक्यातला माइक काढा! डेनॉन-मरांट्झमध्ये त्या प्रकाराला ऑडिसी म्हणतात, यामाहात वायपीएओ. नावं वेगळी, काम एक. प्रत्येक स्पीकरमधून सूं-सूं आवाज काढून तो किती लांब आहे, किती मोठा वाजतो, खोलीत कुठे घुमतो हे मोजून हिशेब जुळवायचा.

आम्ही नाशिकला पहिल्यांदा केलं तेव्हा माइक सोफ्याच्या पाठीवर ठेवला होता. सगळा आवाज दबका झाला, कारण माइकने उशीजवळचा आवाज मोजला. दुसऱ्यांदा कॅमेऱ्याचा तिपाई घेतला, माइकचं टोक छताकडे, उंची बरोबर सासूबाईंच्या कानांइतकी. त्यांना बसवून सुतळीने उंची घेतली आणि मग त्यांना आत पाठवलं. पहिलं माप नेहमी मुख्य माणूस बसतो तिथलंच, कारण स्पीकरांचं अंतर त्यावरून ठरतं. बाकीची मापं त्याच्या आजूबाजूला फूट-दोन फुटांत, भिंतीला चिकटून नाही.

पंखा बंद, एसी बंद, फ्रिज मध्येच सुरू होत असेल तर वीस मिनिटं तोही बंद. आमच्या वेळी पाचव्या मापाला शेजारच्या कुकरची शिट्टी झाली आणि सगळं पुन्हा करावं लागलं. दुपारी दोन-अडीचची वेळ उत्तम, इमारत शांत असते.

---

डेसिबल :

मोगरा, सुतळीची युक्ती फार आवडली.

माइकचं झालं की मेनूत जाऊन तीन गोष्टी हाताने बघा. पहिली, समोरचे स्पीकर "लार्ज" किंवा "फुल बँड" ठरवले गेले असतील तर "स्मॉल" करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवा. म्हणजे ८०च्या खालचं जड काम सबवूफर करेल आणि रिसिव्हरचा जीव संवादासाठी मोकळा राहील. दुसरी, सबवूफरचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसेल. तीन मीटरवर असून साडेचार दाखवेल. ते चुकलेलं नसतं. सबवूफरच्या आतल्या सर्किटला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो, त्याला हात लावू नका. तिसरी, सबवूफरची पातळी −१२ दिसली तर समजा मागचं बटण फार वर आहे. ते कमी करून माप परत घ्या.

मग सेंटर २ डेसिबलने वाढवा. बाबांसाठी ३ चालतील. रात्री "नाइट मोड" किंवा "डायनॅमिक व्हॉल्यूम" लावा, मोठा आणि बारीक आवाज यांतलं अंतर त्याने कमी होतं. चित्रपटाचा आवाज मोठ्या सभागृहासाठी जुळवलेला असतो. व्हॉल्यूम ० वर ठेवला तर कडाडणारा क्षण प्रत्येक मुख्य स्पीकरमधून १०५ डेसिबलपर्यंत जावा, असा तो हिशेब. घरात कुणी ०वर ऐकत नाही, आणि खाली आणलं की सगळ्यात आधी कुजबुज हरवते.

आता सोफा. १६ फूट लांबीच्या खोलीत ३५ हर्ट्झच्या आसपासची लाट भिंतीला आपटून स्वतःवरच चढते आणि भिंतीलगत तिचा जोर सगळ्यात जास्त असतो. बाबांचं डोकं नेमकं तिथेच आहे. धडधडाट सोफ्यावरच जास्त आहे, खोलीच्या मध्यावर उभं राहून ऐका. सोफा फूट-दीड फूट पुढे घेता आला तर घ्या.

---

पाचवा_मजला :

मी दुसऱ्या बाजूने लिहितोय. आमच्या वरच्या घरात सबवूफर आहे. संवाद, गाणी काही ऐकू येत नाही, पण रात्री साडेअकराला छतातून हूं... हूं... असा कंप येतो आणि छोटं बाळ दचकून उठतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण हा कंप मोबाईलवरच्या मीटरमध्ये नीट दिसतही नाही. समजावून सांगायचं कसं?

---

डेसिबल :

तुमचा त्रास अगदी खरा आहे. खालचे सूर भिंत आणि स्लॅब दोन्ही पार करतात. त्यांना घरी बोलावून एकदा तुमच्या खोलीत बसवा आणि त्यांच्याकडे कुणाला तरी सबवूफर लावायला सांगा. ऐकल्यावर बहुतेकांना पटतं, कारण वर बसून याचा अंदाजच येत नाही. मग सबवूफर कोपऱ्यातून काढायचा, खाली जाड रबर आणि त्यावर फरशी ठेवायची, दहानंतर तो बंदच करायचा. स्लॅबवर थेट बसणारे धक्के रबराने कमी होतात, हवेतून येणारा गुंजारव मात्र नाही. दहानंतर बंद हाच खरा इलाज.

---

किनारपट्टी :

आमच्याकडे देवगडात वेगळीच लढाई. समुद्र जवळ, पावसाळ्यात कपाटातली पुस्तकंसुद्धा ओलसर. माझा जुना स्पीकर फोमच्या कडेचा होता, पाच-सहा पावसाळ्यांत कड भुगा होऊन हातात आली. तेव्हापासून रबराच्या कडेचेच घेतो. रिसिव्हर आठवड्यातून दोनदा तरी तासभर चालू ठेवतो, त्याच्याच उबेने आत दमट राहत नाही. पण त्याच उबेला पाल येते. मागच्या बाजूने आत शिरून सर्किटवर मेली की बोर्ड गेला. कप्प्याच्या मागच्या भोकाला बारीक जाळी ठोकली आहे.

आणि वळीव! मे महिन्यात एका संध्याकाळी वीज कडाडली. रिसिव्हरचा प्लग मी काढलेला होता, तरी एचडीएमआयचा बोर्ड जळला. केबलच्या तारेतून दणका सेटटॉप बॉक्सात आला, तिथून एचडीएमआयमधून आत. तेव्हापासून ढग आले की प्लग, केबल आणि इंटरनेटची तार, तिन्ही काढतो. नुसता प्लग काढून उपयोग नाही, हे लक्षात ठेवा.

---

तपकीर_गल्ली :

किनारपट्टी, लाखमोलाचं लिहिलंत. त्यातच भर घालतो. रिसिव्हरच्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल, त्यावर फोटोफ्रेम, त्यावर सेटटॉप बॉक्स, असं मी रोज बघतो. वरच्या जाळीतून गरम हवा जायला वीतभर तरी मोकळी जागा हवी. उष्णतेने आतले कपॅसिटर सुकतात आणि दहा वर्षं चालणारं यंत्र चार वर्षांत माझ्या टेबलावर येतं. निवांत_श्रोता, तुमच्या कप्प्याचा मागचा प्लाय कापून घ्या.

---

एडिसनवासी :

न्यू जर्सीत राहतो. इकडे सेलमध्ये रिसिव्हर स्वस्त मिळतात, डिसेंबरात सांगलीला भावाला नेऊन द्यावा म्हणतो. चालेल ना?

---

तपकीर_गल्ली :

तिकडचे १२० व्होल्टचे, आपल्याकडे २३०. थेट लावला तर पहिल्याच क्षणी धूर. स्टेप-डाउन ट्रान्स्फॉर्मर चांगल्या क्षमतेचा लागेल, तो जड, गरम आणि कायमचा मध्ये. शिवाय इथे वॉरंटी नाही, आतला बोर्ड लागला तर तो कोण आणणार? रेडिओचीही एक गंमत असते. अमेरिकेतले ट्यूनर ०.२च्या टप्प्याने पुढे जातात, त्यामुळे काहींवर पुण्याचं विविध भारती १०१.० नेमकं लागतच नाही, १००.९ नाहीतर १०१.१. भावाला पैसे पाठवा, रिसिव्हर इथेच घेऊ दे.

---

निवांत_श्रोता :

तार खरंच उलटी होती, समोरचा डावा. दुपारी माइकची आठही मापं घेतली, पंखा बंद करून घामाघूम होऊन. सोफा सव्वा फूट पुढे आला, त्यामागे बाबांच्या काठीला आयती जागा झाली. सबवूफर टीव्ही युनिट आणि गॅलरीच्या दाराच्या मध्ये. प्लाय उद्या सुतार कापणार.

बाबांनी आता आपला रेकॉर्ड प्लेअर माळ्यावरून काढायला लावलाय! जुना आहे, बेल्ट नवा टाकला. मागे "ऑक्स"ला जोडला तर आवाज अगदी बारीक आणि किरटा येतोय.

---

खमाज :

ऑक्सला नाही, "फोनो" लिहिलंय तिथे जोडा. तबकडीच्या सुईतून जेमतेम पाच मिलिव्होल्ट येतात, आणि तबकडी कोरताना खालचे सूर मुद्दाम दाबलेले, वरचे चढवलेले असतात. ते परत सरळ करायचं काम फोनोचं सर्किट करतं. प्लेअरमधून एक बारीक सुटी तार येत असेल, ती रिसिव्हरवर "जीएनडी" लिहिलेल्या स्क्रूखाली आवळा, नाहीतर अखंड घूं ऐकू येईल.

आणि कृपा करून तबकडीला सराउंड लावू नका. "स्टीरिओ" ठेवा. जुन्या नाट्यगीतांच्या तबकड्या बऱ्याचशा मोनो असतात, दोन्ही स्पीकर नीट जुळले असले की गायक बरोबर मधोमध उभा राहतो. ऑर्गनचा भाता ओढल्याचा आवाजही येतो काही ठिकाणी. बाबांना विचारा, त्यांना तो ऐकू येतो का.

---

निवांत_श्रोता :

काल रात्रीचं लिहितो. जेवणं झाल्यावर बाबांना सोफ्यावर नेहमीच्या जागी बसवलं आणि एक जुना कृष्णधवल मराठी चित्रपट लावला, साधा स्टीरिओच, "डॉल्बी सराउंड"वर. सवयीने मी व्हॉल्यूम −२२वर नेला. पाच मिनिटांत बाबा म्हणाले, "जरा कमी कर, ओरडताहेत." −२६ केला. थोड्या वेळाने परत, "अजून कमी कर." शेवटी −३०वर थांबलो आणि पूर्ण चित्रपट त्यावर झाला. मध्यंतराच्या सुमारास आई स्वयंपाकघरातून काहीतरी विचारत होती, तर तिला हाताने गप्प करून पडद्यावरचं पुढचं वाक्य त्यांनी नटाच्या आधी म्हणून दाखवलं.

तबकडी आज सकाळी लावली. जीएनडीची तार आवळल्यावर घूं गेलं. खमाज, भात्याचं विचारलं. म्हणाले, "भाता तर आहेच, पण तबलजी डग्ग्यावर हात घासतोय, ते ऐक." मला ते तिसऱ्या वेळी ऐकू आलं.